जी संपली, तिच्यावर

दारू चाखायच्या आधी कोरी भाकर खायची असते, असं मी म्हटलं की यवतमाळातल्या माझ्या शेजारणी तोंडाला पदर लावतात. अंगणवाडीत जन्म काढलेली बाई आणि तोंडात दारूच्या गोष्टी! लावा बापा पदर. मी तांड्यातली आहे, माझा बाप आमच्या तांड्याचा चाखणारा होता, आणि हे लपवून मला आता कोणाच्या घरी सून म्हणून जायचं नाही. गुडघे गेले, केस गेले, नातवंडं झाली. आता नाही सांगणार तर कधी सांगणार?

चाखणारा म्हणजे पिणारा नव्हे, हे आधी नीट समजून घ्या. तांड्यात पाच-सहा घरी मोहाची भट्टी लागायची. काम सगळं बायांचं. फुलं वेचणं, वाळवणं, मडक्यात भिजत घालणं, फेस बसेपर्यंत रोज कान लावून ऐकणं, मग चुलीवर चढवून थेंब थेंब धार काढणं. पण ती धार पाहुण्याला द्यायची, लग्नात वाढायची की जमिनीत ओतून टाकायची, हे माझा बा ठरवायचा. बोरीच्या बाजाराच्या आदल्या दिवशी दुपार कलली की आमच्या अंगणात निंबाखाली गोधडी पडायची. बाया ओढणीखाली एकेक बाटली घेऊन यायच्या. बा प्रत्येक बाटलीतले चार थेंब आधी भुईवर सोडायचा, मेलेल्या माणसांसाठी. मग तळहातावर घेऊन चोळायचा, हुंगायचा, थोडी चुलीत उडवून ज्योत निळी होते का बघायचा, आणि शेवटी जिभेच्या टोकाला लावायचा. गिळायचा नाही. थुंकायचा. मग 'बरं' म्हणायचा नाहीतर 'नाही' म्हणायचा, तिसरा शब्द नाही. फुलं पावसात भिजली होती की नाही, गूळ जास्त पडला की काय, तळाला लागली का, सगळं त्याला कळायचं. एकदा त्यानं धाळीमावशीला सांगितलं होतं की तुझी फुलं नाल्यापलीकडच्या झाडाची आहेत, आणि ती होतीही तिथलीच. चोरून आणली होती म्हणून मावशी आठ दिवस त्याच्यावर रुसून होती.

दोन बाटल्यांच्या मधे जीभ कोरी करायला लागायची भाकर. गोरबोलीत आम्ही तिला बाटी म्हणतो. माझी याडी, म्हणजे आई, अंगणातल्या तीन दगडांच्या चुलीवर त्या दिवशी बिनमिठाची ज्वारीची बाटी थापायची. सकाळीच दळलेलं पीठ, पाणी, बस. तिच्या दोन्ही दंडांत कोपरापर्यंत पांढऱ्या बलिया, म्हणजे बांगड्या, असायच्या आणि थापताना त्यांचा असा काही खळखळ आवाज व्हायचा की वाड्यातल्या बकऱ्यासुद्धा मान वर करायच्या. बा एक घास बाटी चावायचा, डोळे मिटायचा, मग पुढची बाटली. खरं सांगू का, अर्धा तांडा यायचा तो दारूसाठी नाहीच, याडीच्या बाटीसाठी. चाखणं आटोपलं की तव्याखालच्या निखाऱ्यावर मिरच्या भाजायच्या, ठेचा व्हायचा, आणि आम्हा लेकरांसाठी शेवटच्या दोन भाकरी मोहाची फुलं पिठात कुस्करून केलेल्या, गोड, कडेला करपलेल्या. ती चव मी पुढे किती वेळा घरात करून पाहिली. नाही जमत. माझी मुलगी म्हणते, आई, तुला ती भाकर नको असते, तुला ते अंगण पाहिजे असतं. शहाणी आहे पोट्टी.

एक गोष्ट इथंच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमची ही सगळी दारू चोरीची. सरकारचा परवाना कोणाकडे होता? अधूनमधून जीप यायची, पोलीस घरात शिरायचे, मडकी फोडायचे. म्हणून भरलेली बाटली आम्ही कधी उभी ठेवत नसू. ती कुटाराच्या ढिगात, भुश्यात, आडवी निजवलेली असायची. रिकामी झाली की धुऊन भिंतीला उभी. रिकाम्या बाटलीला कोण काय करणार? तांड्यातल्या शेंबड्या लेकरालाही ठाऊक होतं की उभी म्हणजे संपली आणि आडवी म्हणजे आहे. अवचित पाहुणा आला की याडी शेजारच्या झमकीकाकीला कुडावरून हाळी द्यायची, 'आडवी आहे का वं एखादी?' आणि काकी म्हणायची, 'सगळ्या उभ्या झाल्या बाई.' तेवढ्यावर दोघी हसत सुटायच्या. कशावरही हसायच्या त्या. एकीला ताप आला तर दुसरीची चूल पेटायची नाही, अशी त्यांची गट्टी. एका दिवशी लग्न होऊन, एकाच गाडीतून तांड्यात आलेल्या होत्या त्या.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. बोंडं सडली, भाव पडला, ते सगळं तुम्ही पेपरात वाचलेलं असेल. मी आमच्या अंगणापुरतं सांगते. आमच्या गावच्या फाट्यावर जिनिंग होतं, तिथं खरेदी व्हायची, आणि कापसाच्या गाड्यांची रांग चार-चार, पाच-पाच दिवस रस्त्यावर उभी राहायची. त्या रांगेच्या अगदी समोर सरकारमान्य देशीचं दुकान उघडलं. काय जागा शोधली होती मेल्यांनी! बा गाडी घेऊन पाच दिवस रांगेत उभा होता. सहाव्या दिवशी नंबर आला, तर प्रतवारी करणाऱ्या माणसानं गाडीत कोपरापर्यंत हात घातला, एक मूठ कापूस उपसला, बोटांनी ओढून पाहिला आणि म्हणाला, 'कवडी.' म्हणजे सगळ्यात हलका. बा म्हणाला, साहेब, दुसऱ्या बाजूनं पाहा, मधला पाहा. त्यानं पाहिलं नाही. ज्याच्या एका 'बरं'साठी तांडा श्वास रोखून बसायचा, त्या माणसाचा वर्षाचा माल एका मुठीत नापास झाला. बा तिथून रस्ता ओलांडून समोर गेला. संत्र्याचं चित्र असलेली बाटली घेतली आणि चाखली नाही, प्यायला. हे मला त्याच्यासोबत गाडीवर असलेल्या आमच्या नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या मुखियाच्या, मुलानं सांगितलं.

पुढच्या दोन हंगामांत तो रोजचा झाला. पहिल्यांदा संध्याकाळी, मग दुपारी, मग सकाळी दात घासायच्या आधी. कधी मारहाण केली नाही त्यानं, शिवी दिली नाही. नुसता बसून राहायचा, भिंतीला टेकून, आणि याडी समोरून गेली की मान खाली घालायचा. त्यापेक्षा मारलं असतं तर बरं, असं मला तेव्हा वाटायचं. लहानपणी माणूस काहीही वाटून घेतो.

चाखणं मात्र चालूच होतं, कारण तांड्यानं त्याला उठ म्हणायचं कसं? एका आठवड्याला झमकीकाकीनं तिची बाटली पुढे केली. मी दोन हातांच्या अंतरावर बसले होते, मलासुद्धा वास आला, तळाला लागून करपलेली होती. बानं तळहातावर घेतली, हुंगली, जिभेला लावली, याडीच्या हातची बाटी चावली, परत लावली. आणि म्हणाला, 'बरं.' याडीचं थापणं थांबलं. मग झमकीकाकी उठली, तिनं आपली बाटली निंबाच्या बुडाशी पूर्ण ओतून टाकली आणि म्हणाली, 'भाऊ, माह्यीच करपली. मले माहीत होतं. पाहू म्हनलं तुम्ही काय म्हनता.' खोटं होतं ते. तिला पाहायचं काही नव्हतं. त्याची लाज झाकायला तिनं आपल्यावर घेतलं होतं. बा उठून घरात गेला आणि त्या दिवसानंतर आमच्या अंगणात गोधडी पडली नाही. त्या रात्री याडी मला म्हणाली, तुझ्या बापाची जीभ मेली, आता माणूस वाचवायला पाहिजे.

वाचवायचा कसा, तर दुकान बंद करून. गावातल्या बाया तेव्हा त्या दुकानाविरुद्ध उठल्याच होत्या. शाळेतल्या सुशीलाबाई त्यांच्या पुढारी. सरकारचा नियम असा की गावातल्या बायांचं मतदान घ्यायचं आणि यादीतल्या अर्ध्याहून जास्त बाया दुकान नको म्हणाल्या, तर दुकान बंद. तांडा गावच्याच यादीत होता, तांड्याची मतं लागणार होती. सुशीलाबाई आमच्या अंगणात आल्या, खाटेच्या कडेवर बसल्या आणि सरळ म्हणाल्या, तुम्ही आधी तुमच्या भट्ट्या विझवा, नाहीतर आम्ही कोणत्या तोंडानं बोलायचं? मला वाटलं याडी भांडेल. तिची भट्टी म्हणजे तिचं माहेर होतं, तिच्या आजीनं शिकवलेलं काम. पण ती उठली, कुटारातल्या आडव्या बाटल्या काढून एकेक करून ओतल्या, धुतल्या, भिंतीला उभ्या केल्या, आणि मडकं अंगणातल्या दगडावर आपटलं. तिच्या पाठोपाठ झमकीकाकीनं आपलं फोडलं. मग सगळ्यांनी. तांड्यात आठ दिवस मोहाचा आंबूस वास हिंडत होता.

मी तेव्हा बारावीला होते, मताच्या वयाची नव्हते, पण तांड्यातली शिकलेली मुलगी म्हणून सुशीलाबाईंनी मला हाताशी घेतलं. फार मिरवले मी. हातात चुन्याचा डबा, कुंचला, आणि गावातल्या भिंती रंगवत हिंडायचं. मताच्या कागदावर दोन चित्रं असणार होती. एक उभी बाटली, म्हणजे दुकान चालू राहू द्या. एक आडवी बाटली, म्हणजे बंद करा. बाटली पडली, मेली, असा त्याचा अर्थ. गावात आम्ही घरोघरी जाऊन हे समजावलं, भिंतीवर आडवी बाटली काढून दाखवली, म्हाताऱ्यांकडून तीनदा बोट ठेवून घेतलं. शेवटच्या दिवशी सुशीलाबाई म्हणाल्या, आता तांड्यावर जाऊ. पाय दुखत होते सगळ्यांचे. त्यांच्यासोबतची एक बाई हसून म्हणाली, 'तांड्याच्या बायाईले बाटली काय शिकवता? त्या तुमाले शिकवतीन.' सगळ्या हसल्या. मीही हसले. मला राग यायला पाहिजे होता, पण मी त्यांच्यातली झाले होते ना! त्या हसल्या म्हणून मी हसले, आणि आम्ही तांड्यावर गेलो नाही.

घरी आले तर याडी भाकरी थापत होती. तिनं विचारलं, दोन बाटल्या राहतीन म्हने कागदावर, शिक्का कोन्त्या बाटलीवर मारायचा? मी दमले होते, उद्याच्या दिवसात होते, चुन्यानं हात भाजले होते, ते धूत होते. मी वळूनही पाहिलं नाही. म्हणाले, 'जी संपली, तिच्यावर.' याडीनं मान हलवली. तिला ते लगेच पटलं. भाकर तव्यावर टाकून ती कुडाजवळ गेली आणि झमकीकाकीला सांगितलं, काकीनं पुढच्या घरी सांगितलं, आणि दिवे लागेपर्यंत ते वाक्य तांड्याच्या शेवटच्या झोपडीपर्यंत पोचलं. मी ऐकत होते. कौतुकानं ऐकत होते. माझ्या शब्दाला केवढी किंमत आली, असं वाटत होतं मला.

दुसऱ्या दिवशी तांड्याच्या सगळ्या बाया आरशांच्या फेटिया, म्हणजे घागरे, घालून, गाणी म्हणत गावाकडे निघाल्या. आजारी धाळीमावशीला दोघींनी हातांची खुर्ची करून नेलं. मी शाळेच्या फाटकाबाहेर उभी होते. एकेक आत जायची आणि बोटाला शाई लावून हसत बाहेर यायची. झमकीकाकी तर आरसे लकाकवत नाचतच बाहेर आली. तिनं नवीन ओढणी घेतली होती, लेकीनं पुसदहून पाठवलेली. परतताना याडी माझ्या शेजारून चालत होती. कित्येक महिन्यांत तिचं तोंड असं मोकळं पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, 'मारला बाई. चांगला दाबून मारला उभ्या बाटलीवर. आता संपलं पाह्य त्यायचं दुकान.'

मी चालत राहिले. पायाखाली रस्ता होता एवढंच आठवतं. मागून सगळ्या जणी गात येत होत्या. तांड्याची एकही बाई मत द्यायची राहिली नव्हती, धावत जाऊन जिला थांबवावं अशी कोणी उरलीच नव्हती. याडीनं विचारलं, काय झालं वं, गप काहून झाली? मी म्हणाले, ऊन लागलं.

निकालात आम्ही हरलो, आणि हरलो ते साधारण तांड्यात जेवढ्या बाया होत्या तेवढ्याच मतांनी. गावाला हिशेब करायला वेळ लागला नाही. तांड्यानं मतं विकली, असं बोरीच्या बाजारापर्यंत झालं. सुशीलाबाई मला शाळेत पाहून दुसऱ्या बाजूनं निघून गेल्या. दुकानदारानं तांड्यात लुगडी वाटली म्हणे. याडीनं घरोघर जाऊन विचारलं, पोहराच्या देवीची आण घालून विचारलं, आणि प्रत्येकीनं आण घेऊन सांगितलं की मी बरोब्बर बाटलीवर शिक्का मारला. कोणती बाटली, हे एकीनंही म्हटलं नाही. म्हणायचं कशाला? तांड्यात संपलेली बाटली एकच असते. मी त्या प्रत्येक घरी याडीच्या मागे उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं मला. पण ते बोलले असते तर याडीला कळलं असतं की नवऱ्याला वाचवायला गेलेल्या तिच्याच हातानं दुकान उघडं ठेवलं. ते तिला कळू नये, म्हणून मी गप्प राहिले, असं मी स्वतःला सांगत आले. अर्धं खरं आहे ते. उरलेलं अर्धं असं की ते कोणाच्या सांगण्यावरून झालं, हेही तिला कळलं असतं.

संशयाला माणूस लागतो. याडीला झमकीकाकीची नवीन ओढणी आठवली. काकी कुडापाशी येऊन रडली, लेकीची चिठ्ठी दाखवली. याडीला कुठं वाचता येत होतं! चिठ्ठी मला वाचायला दिली. मी वाचली, लेकीनंच पाठवल्याचं लिहिलं होतं, तसं सांगितलं. याडी म्हणाली, लिहून आणायले काय लागते. आणि तिनं कुडाचं ते भोक, जिथून दोघी बोलायच्या, तुराट्या खोचून बुजवून टाकलं.

बा त्यानंतर दीड वर्ष जगला. पोटात पाणी झालं, डोळे हळदीसारखे पिवळे झाले. शेवटी शेवटी त्याला काहीच जात नव्हतं. याडी कोरी बाटी दुधात कुस्करून भरवायची, तो तोंडात धरून ठेवायचा. तो गेला तेव्हा झमकीकाकी दारात आली. याडीनं दार लावून घेतलं. भट्ट्या सगळ्यांनी फोडल्या होत्या, त्यामुळे बाच्या तेराव्याला भुईवर सोडायलाही तांड्यात मोहाचे चार थेंब नव्हते. लोकांनी फाट्यावरच्या त्याच दुकानातून दारू आणली.

मग माझं लग्न, यवतमाळ, अंगणवाडी. याडी म्हातारपणी माझ्याकडे राहायला आली. नजर गेली होती, बोलणं शाबूत होतं. तांड्याची खबर कोणी आणली की सगळ्यांची चौकशी करायची, झमकीचं नाव निघालं की उठून आत जायची. मी कितीदा ठरवलं, आज सांगायचं. दिवाळी झाली की सांगू, पोरीचं लग्न आटोपलं की सांगू. लाज अशी असते, तिला मुहूर्तच सापडत नाही.

झमकीकाकी गेल्याचा फोन एका सकाळी आला. मी याडीला म्हटलं, चल, एसटी आहे दहाची, मातीला जाऊन येऊ. ती म्हणाली, 'मी नाही येत. माह्या मानसाच्या जिवावर तिनं ओढनी घेतली.' तेव्हा मी तिच्यासमोर खाली बसले आणि गोरबोलीत, लहानपणी बोलायचे तसं, सगळं सांगितलं. भिंतीवरची चित्रं, आम्ही हसलो ते, हात धुताना मी काय म्हणाले ते. इथं ते बोलणं मी वऱ्हाडीत लिहिते, तुम्हाला कळावं म्हणून.

तिनं हाताचा पंजा उभा धरला, मग आडवा केला. मग म्हणाली, 'आडवी तं भरलेली असते.'

'आपल्या घरी. त्या कागदावर नाही.'

'म्हनजे म्या मारला शिक्का. अन् झमकीनंबी तिथंच मारला असन.'

'सगळ्यांनी तिथंच मारला. मी सांगतलं म्हनून.'

मला वाटलं ती मला शाप देईल. द्यायला पाहिजे होता. तिनं हात पुढे करून माझं तोंड चाचपलं, मी रडते आहे का ते पाहिलं, आणि हात परत घेतला.

'तवाच सांगतलं असतं तं मी लय रडली असती,' ती म्हणाली. 'पन झमकीजवळ बसून रडली असती.'